गल्लीतली बेवारस गाडी : रस्ता कोणाचा, गाडी कोणाची आणि हटवायची कोणी

इंदूरमध्ये लोकमान्य नगर, सुदामा नगर किंवा वैशाली नगर यांसारख्या वसाहतींतून पायी फेरफटका मारला, तर घरांसमोर लावलेल्या गाड्यांच्या रांगेत एखादी गाडी अशी दिसतेच, जी कित्येक महिन्यांत जागची हललेली नसते. चारही टायर बसलेले असतात, रिमच्या कडेने गंज उतरलेला असतो, पुढच्या काचेखालच्या खाचेत कडुलिंबाची पाने कुजून काळी माती झालेली असते आणि त्या मातीत एखादे रोपही रुजलेले असते. निगमाचे, म्हणजे महापालिकेचे, सफाई कर्मचारी भोवतालचा रस्ता रोज झाडतात, पण गाडीखाली झाडू पोहोचत नाही. 2017 पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सतत अग्रभागी असलेल्या या शहरात अशी एक गाडी म्हणजे कचरा, उंदीर आणि डास यांना मिळालेली कायमची सुरक्षित जागा ठरते.

शेजाऱ्यांना ती हटवायची असते, पण ती हटवण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे, हे कोणालाच नीट ठाऊक नसते. पोलिसांकडे गेले तर कॉलनीचा अंतर्गत रस्ता म्हणून निगमाकडे बोट दाखवले जाते, निगमाकडे गेले तर वाहन हा पोलिसांचा विषय असल्याचे ऐकायला मिळते, आणि रहवासी संघाकडे ना क्रेन असते ना कायद्याचे बळ. माझ्या मते या टोलवाटोलवीला बऱ्याच अंशी तक्रारीचा मोघमपणा कारणीभूत असतो. ‘गल्लीत जुनी गाडी पडून आहे’ एवढ्या वाक्यावर कोणताही अधिकारी सही करून क्रेन पाठवू शकत नाही. रस्ता कोणाचा आणि गाडी कोणाची, या दोन प्रश्नांची उत्तरे पुराव्यासह अर्जात आली, तर कोणते कलम लावायचे आणि ते कोणी लावायचे हे जवळजवळ आपोआप ठरते.

रस्ता खासगी असणे आणि जागा खासगी असणे

मध्यप्रदेश नगरपालिक निगम अधिनियम 1956 मध्ये सार्वजनिक रस्ता आणि खासगी रस्ता यांत फरक केलेला आहे. जुन्या मोहल्ल्यांतील रस्ते सामान्यतः निगमाचेच असतात. पण शहराच्या विस्तारात ज्या वसाहती गृहनिर्माण सहकारी संस्थांनी किंवा कॉलनायझरांनी वसवल्या, तिथे नकाशा मंजूर करून घेणारा आधी रस्ते, गटारे, दिवे ही कामे पूर्ण करतो आणि नंतर ती वसाहत निगमाकडे हस्तांतरित होते. हे हस्तांतरण होईपर्यंत रस्त्याची जबाबदारी विकासकाकडे किंवा संस्थेकडे राहते. काही वसाहतींत ते वर्षानुवर्षे रखडते, आणि लोक तिथल्या रस्त्याला निगमाचाच रस्ता समजून चालतात. रस्त्यावरचा दिवा कोण दुरुस्त करते यावरून अंदाज बांधता येतो, पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. आपली वसाहत हस्तांतरित झाली आहे का, हे झोन कार्यालयात किंवा निगमाच्या कॉलनी सेलमध्ये लेखी विचारावे, आणि तसे विचारणे अवघड वाटत असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. रेराच्या 2016 च्या कायद्याखाली नोंदलेल्या नव्या प्रकल्पांत सामाईक जागांची मालकी रहिवाशांच्या संघटनेकडे सोपवण्याचे बंधन कलम 17 ने विकासकावर घातलेले आहे. तिथे संघटनेच्या नावाचा दस्त झाला आहे की नाही, हे पाहावे लागते.

आता मुख्य मुद्दा. रस्ता खासगी मालकीचा आहे म्हणजे पोलिसांना तिथे काहीच करता येत नाही, हा समज चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये रस्त्याची मालकी कोणाकडे आहे असे विचारलेलेच नाही. त्याच्या कलम 2(34) मध्ये सार्वजनिक जागेची व्याख्या आहे. रस्ता, गल्ली, वाट किंवा अन्य कोणतीही जागा, मग ती आरपार जाणारी असो वा नसो, जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे, ती सार्वजनिक जागा. याचा अर्थ असा की एखाद्या गल्लीची जमीन कागदोपत्री संस्थेची असूनही, तिथून दूधवाला, पोस्टमन, शेजारच्या वस्तीतील माणसे आणि शाळेची व्हॅन कोणाची परवानगी न मागता वर्षानुवर्षे ये-जा करत असतील, तर या कायद्यापुरती ती सार्वजनिक जागा ठरू शकते. गल्ली पुढे बंद आहे, एवढ्याने ती खासगी होत नाही. व्याख्येतच तसे स्पष्ट म्हटले आहे.

‘हक्क’ या शब्दापाशी मात्र वाद होतो. लोक प्रत्यक्षात ये-जा करतात म्हणजे त्यांना हक्क आहे का, की ते निव्वळ सोसले जाते? 1988 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने, त्या वेळच्या 1939 च्या मोटार वाहन कायद्यातील विम्याच्या तरतुदी लावताना, खासगी मालकीची पण लोकांना प्रवेश असलेली जागाही सार्वजनिक जागेत मोडते, मग तो प्रवेश मोकळा असो वा नियंत्रित, असा व्यापक अर्थ घेतला होता. तो निर्णय विम्याच्या संदर्भातला आहे आणि मध्यप्रदेशातील न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. तरी न्यायालये जागेच्या मालकीपेक्षा तिच्या वापराकडे पाहू शकतात, हे त्यावरून कळते. म्हणून अर्ज करताना रस्ता कोणाच्या मालकीचा आहे एवढेच लिहून थांबू नये. तिथे फाटक आहे का, चौकीदार अडवतो का, रस्ता कुठून कुठे जातो आणि कोण कोण वापरतो, हे लिहावे.

पोलिसांना काय करता येते

जागा सार्वजनिक असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम 127 सरळ लागू होते. त्याचे पहिले उपकलम सांगते की वाहन दहा तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेले किंवा बिनदेखरेखीचे असेल, अथवा मनाई असलेल्या ठिकाणी लावलेले असेल, तर त्या हद्दीतील गणवेशातील पोलीस अधिकारी ते टो करून नेण्याची किंवा चाकाला जॅमर लावण्याची परवानगी देऊ शकतो. दुसरे उपकलम अधिक तातडीचे आहे. सोडून दिलेले, मोडके, जळालेले किंवा अर्धवट सुटे केलेले वाहन त्याच्या जागेमुळे रहदारीला धोका ठरत असेल किंवा अडथळा करत असेल, तर ते लगेच हटवता येते, तिथे दहा तासांची अट नाही. तिसऱ्या उपकलमानुसार हटवण्याचा खर्च वाहनमालकाकडून वसूल होतो आणि दंड असल्यास तो वेगळा.

दहा तासांच्या उल्लेखावरून अनेकांना वाटते की अकराव्या तासाला गाडी उचलणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तसे नाही. कायदा त्यांना अधिकार देतो, सक्ती करत नाही. आणि ते योग्यही आहे, कारण नाहीतर रात्री घरासमोर गाडी लावून झोपलेल्या प्रत्येक माणसाची गाडी सकाळी उचलता आली असती. म्हणूनच अर्जात केवळ ‘दहा तासांपेक्षा जास्त’ असे लिहिण्यापेक्षा अडथळा नेमका काय होतो ते दाखवणे अधिक परिणामकारक ठरते. कचरा गाडी वळत नाही, रुग्णवाहिका दारापर्यंत येत नाही, वळणावर समोरचे दिसत नाही, अशा गोष्टी फोटोसह दाखवल्या की प्रकरण दुसऱ्या उपकलमात जाते.

याच कायद्याच्या कलम 201 मध्ये सार्वजनिक जागी रहदारीला अडथळा होईल अशा रीतीने वाहन ठेवणाऱ्याला 500 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 मध्ये सार्वजनिक वाटेत धोका किंवा अडथळा निर्माण करणाऱ्याला 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या ताब्यातील वस्तूची व्यवस्था न लावणे हेही त्यात येते. आणि प्रकरण चिघळलेच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा तसा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी, पोलिसांच्या अहवालावरून किंवा इतर माहितीवरून, अडथळा अमुक मुदतीत हटवा नाहीतर हजर होऊन कारण दाखवा, असा सशर्त आदेश काढू शकतो. हा मार्ग लोकांना फारसा ठाऊक नसतो. गाडीचा मालक माहीत आहे, तो गल्लीतच राहतो आणि कोणाचेही ऐकत नाही, अशा वेळी माझ्या मते याच मार्गाचा सर्वाधिक उपयोग होतो.

फाटकाच्या आतली गाडी

खरी अडचण येते ती भिंत, फाटक आणि चौकीदार असलेल्या टाउनशिपमध्ये, जिथे बाहेरच्याला नोंद केल्याशिवाय प्रवेश नाही. तिथे कलम 127 लावायला पोलीस कचरले तर त्यांना फार दोष देता येणार नाही. तरीही तिथे त्यांचे हात बांधलेले असतात असे नाही, कारण दोन तरतुदींना सार्वजनिक जागेची अट नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 नुसार, चोरीची असल्याचा आरोप किंवा संशय असलेली, किंवा गुन्ह्याचा संशय यावा अशा परिस्थितीत सापडलेली कोणतीही मालमत्ता पोलीस अधिकारी जप्त करू शकतो. आणि 1861 च्या पोलीस कायद्याच्या कलम 25 ने बेवारस मालमत्ता ताब्यात घेणे हे पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्यच ठरवले आहे. गाडी फाटकाच्या आत आहे, कोणत्याही फ्लॅटधारकाच्या नावे पार्किंगच्या नोंदवहीत तिची नोंद नाही आणि ती कधी आत आली हे कोणी सांगू शकत नाही, एवढे संघाच्या ठरावासह लिहून दिले, तर ते प्रकरण पार्किंगचे राहत नाही, बेवारस मालमत्तेचे होते.

गाडी एखाद्या सदस्याचीच असेल तर मात्र पोलिसांकडे धावण्यात अर्थ नाही. तिथे संघाची उपविधी, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि लेखी नोटीस यांनी काम करावे लागते, आणि शेवटचा उपाय दिवाणी न्यायालयातील मनाईहुकूम हाच असतो. तो वेळखाऊ असतो. म्हणून पार्किंगची नोंदवही ठेवणे, दरवर्षी स्टिकर नवे करणे आणि जी गाडी अमुक महिने हलणार नाही तिची आगाऊ लेखी सूचना मागणे, ही व्यवस्था आधीच लावलेली बरी.

गाडी कोणाची आहे, हे कसे शोधावे

गाडी निव्वळ जुनी आहे म्हणून ती बेवारस ठरत नाही. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर जी बंदी गाजली, ती तिथल्या प्रदूषणाच्या संदर्भातील न्यायालयीन आदेशांची होती. तिचा इंदूरशी संबंध नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होऊ शकते. म्हणून आधी गाडी नीट पाहावी. वाहनांच्या नोंदी दाखवणाऱ्या एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये नंबर टाकला की गाडीचा प्रकार, नोंदणीची तारीख, कोणत्या आरटीओची आहे, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत होते, हे दिसते. मालकाचे नाव हल्ली अर्धवट झाकलेले असते आणि पत्ता दिसत नाही, पण विमा सहा वर्षांपूर्वी संपलेला दिसला तर तेवढाही पुरावा बराच बोलका असतो. टायरच्या बाजूवर एका लांबट गोलात चार अंक असतात. 2314 असे असेल तर तो टायर 2014 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे, म्हणजे गाडी साधारण कोणत्या काळापर्यंत वापरात होती याचा अंदाज येतो. मागच्या काचेवर शोरूमचे, गॅरेजचे किंवा एखाद्या जुन्या वसाहतीच्या पार्किंगचे स्टिकर असते. एमपी-09 ऐवजी दुसऱ्या जिल्ह्याची किंवा राज्याची नंबरप्लेट असेल तर तेही नोंदवावे. हे सगळे बाहेरून, काच न उघडता, हात न लावता पाहायचे.

नंबरप्लेटवरचा नंबर आणि ॲपमध्ये दिसणारी गाडी जुळत नसेल, म्हणजे प्लेट स्कूटरची आणि गाडी व्हॅन, असे निघाले तर पुढचा शोध सोडून थेट थाना गाठावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग चोरीला गेलेल्या आणि सापडलेल्या वाहनांची देशव्यापी नोंद ठेवतो आणि चेसिस व इंजिन नंबरावरून पोलीस ती तपासू शकतात. एखाद्या गल्लीत धूळ खात पडलेल्या गाडीसाठी दुसऱ्या गावात कोणीतरी कधीच एफआयआर केलेला असू शकतो.

पण बहुतेक गाड्या चोरीच्या नसतात. त्यांच्यामागे साधी, दुःखाची किंवा हलगर्जीपणाची कारणे असतात. मालक वारला आणि वारसांत मिटले नाही. मुले पुण्याला किंवा परदेशात आणि आई-वडिलांना गाडी विकण्याची धावपळ झेपत नाही. कर्जाचे हप्ते थकले आणि ताबा कोण घेणार याचा वाद. किंवा गाडी विकली पण नावावर केली नाही. शेवटचे कारण फार आढळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार त्याच राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. तसे न करता केवळ विक्रीच्या कागदावर गाडी तीन-चार हातांतून फिरते आणि शेवटचा माणूस ती सोडून देतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या अपघात भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केले की ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. म्हणून ‘मी तर कधीच विकली’ असे सांगणाऱ्या माणसालाही नोटीस जाणारच, आणि ती आली की तो खऱ्या ताबेदाराला शोधून काढतो, हा त्याचा चांगला परिणाम. नोंदणी प्रमाणपत्रावर (आरसी) बँकेचा किंवा वित्त कंपनीचा बोजा असल्याचे कळले, तर त्यांनाही पत्र पाठवावे; कधी कधी त्यांनाच त्या गाडीचा पत्ता हवा असतो.

स्वतः हात घालू नये, ते का

चिडलेले शेजारी काय करतात हे सांगायला नको. काही जण गाडी ढकलून पुढच्या गल्लीत नेतात, काही खासगी क्रेन बोलावतात, काही सरळ कबाडीला बोलावून मोडीत काढतात. शेवटचा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे. सापडलेली वस्तू सांभाळून मालकाला परत देण्यासाठी उचलणे हा गुन्हा नाही. पण मालक माहीत असताना किंवा त्याला शोधण्याचे साधन हाती असताना ती वस्तू स्वतःच्या उपयोगासाठी वापरणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली अप्रामाणिक अपहार ठरू शकतो. गाडीच्या बाबतीत तर ते साधन पुढे-मागे लटकलेलेच असते. नंबरप्लेट असलेल्या गाडीबद्दल ‘मालक सापडत नव्हता’ असे म्हणणे टिकणे कठीण.

कोणी 1872 च्या करार कायद्याचा आधार दाखवतील. त्याच्या कलम 169 मध्ये सापडलेली वस्तू विकण्याची मुभा आहे हे खरे, पण योग्य प्रयत्न करूनही मालक सापडला नाही किंवा त्याने कायदेशीर खर्च द्यायला नकार दिला, आणि त्यातही वस्तू नाश पावण्याच्या किंवा तिचे बरेचसे मोल जाण्याच्या बेतात आहे अथवा तिच्यावरचा खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशांवर गेला आहे, तरच. शिवाय कलम 71 नुसार वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. म्हणजे गाडी ढकलताना बंपर निघाला किंवा दुसऱ्या गल्लीतून ती चोरीला गेली, तर प्रश्न ढकलणाऱ्याला विचारला जाईल. टायरमधली हवा काढणे, काच फोडणे हेही तसेच. तक्रारदाराचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही.

अर्ज आणि त्यानंतर

अर्ज एकाच पानाचा असावा, आणि इंदूरमध्ये तो हिंदीत दिलेला बरा, कारण पुढचे सगळे कागद हिंदीतच फिरतात. त्यात गाडीचा नंबर, रंग, प्रकार, कोणत्या घरासमोर, कोणत्या खांबाजवळ, केव्हापासून आणि ते कशावरून, रस्त्याची स्थिती आणि वापर, अडथळ्याचे स्वरूप, एमपरिवहनमध्ये दिसलेली माहिती, आणि शेवटी नेमकी मागणी, म्हणजे कलम 127 खाली हटवणे किंवा पोलीस कायद्याच्या कलम 25 खाली ताब्यात घेणे, असे असावे. सोबत वेगवेगळ्या तारखांचे फोटो जोडावेत, त्यात शेजारचे घर किंवा खांब दिसावा, म्हणजे गाडी हललेली नाही हे कळते. गाडीच्या काचेवर एक सभ्य नोटीस चिकटवून तिचा फोटो काढावा. पंधरा दिवसांत संपर्क करावा, अन्यथा पोलिसांना कळवले जाईल, इतकेच लिहावे. मालकाचा पत्ता कळला तर तीच नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी. अर्जावर पाच-सात घरांच्या सह्या असल्या की तो एका माणसाचा शेजाऱ्याशी असलेला वाद वाटत नाही.

हा अर्ज आपल्या हद्दीच्या थान्यात द्यावा, प्रत ट्रॅफिक पोलिसांना आणि निगमाच्या झोन कार्यालयाला द्यावी, आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्यावी. निगमाच्या 311 ॲपवर फोटोसह तक्रार टाकली की क्रमांक मिळतो. महिनाभरात हालचाल झाली नाही तर त्या क्रमांकासह आणि पोचेसह मुख्यमंत्री हेल्पलाइन 181 वर तक्रार नोंदवता येते. पावसाळ्यात आणखी एक दरवाजा उघडा असतो. गाडीच्या फुटलेल्या दिव्यात, उघड्या डिकीत, सुट्या टायरमध्ये साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. पाणी आटले तरी अंडी काही महिने तशीच टिकतात आणि पुढच्या सरीत फुटतात. त्यामुळे मलेरिया कार्यालयाला किंवा निगमाच्या आरोग्य विभागाला आळ्या दाखवून अहवाल मिळवला, तर गाडी हटवण्याच्या मागणीला आरोग्याचे कारण जोडले जाते, आणि ते कारण रहदारीच्या कारणापेक्षा लवकर ऐकले जाते. दरम्यान ते पाणी ओतून टाकावे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

पोलीस टाळाटाळ का करतात, हेही समजून घेतले पाहिजे. गाडी ताब्यात घेतली की पंचनामा, सुट्या भागांची यादी, दंडाधिकाऱ्यांना अहवाल आणि सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. थान्यांची आवारे आधीच जप्त वाहनांनी भरलेली असतात. 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी वाहने थान्यात दीर्घकाळ कुजत ठेवू नयेत, योग्य हमी घेऊन ती मालकाला द्यावीत आणि दावेदार पुढे आला नाही तर विमा कंपनीकडे सोपवावीत किंवा लिलाव करावा, असे सांगितले होते. पण दावेदारच सापडत नाही तेव्हा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 नुसार दंडाधिकारी उद्घोषणा काढतात, दावा सांगायला सहा महिन्यांची मुदत देतात, आणि त्या मुदतीत कोणी आले नाही तर कलम 504 नुसार मालमत्तेची विल्हेवाट लागते. म्हणजे गल्लीतून गाडी गेली तरी तिचा निकाल लागायला वेळ लागणारच. म्हणून मालकाचा माग काढून दिलेला अर्ज पोलिसांनाही सोयीचा असतो. मालकाला एक फोन करून प्रश्न सुटत असेल तर त्यांनाही तेच हवे असते.

मालक सापडला, पण त्यालाच मार्ग हवा असेल तर

गाडी शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजींच्या दिवंगत यजमानांची निघाली, तर कलमे बाजूला ठेवून त्यांना मदत करणेच योग्य. नोंदणीकृत मालक वारल्यावर वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. मुदत उलटली तरी मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती घेऊन नायता मुंडल्याच्या आरटीओ कार्यालयात पुढची वाट विचारता येते. गाडी मोडीत काढायची असेल तर ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावी. 2021 च्या नियमांनुसार हे केंद्र गाडी चोरीच्या नोंदीत नाही ना, तिच्यावर बोजा नाही ना हे तपासते, गाडी जमा केल्याचे ठेव प्रमाणपत्र देते आणि नोंदणी रद्द करण्याची प्रक्रिया पूर्ण होते. त्या प्रमाणपत्रावर नवी खासगी गाडी घेताना मोटार वाहन करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्र सरकारने केलेली आहे. कबाडी रोख रक्कम देतो, पण आरसी रद्द झाली नाही तर गाडी कागदावर आजोबांच्याच नावे राहते, आणि त्या नंबरप्लेटचा कोणी गैरवापर केला तर चौकशी त्यांच्याच घरी येते.

1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या आयुर्मान संपलेल्या वाहनांच्या पर्यावरणविषयक नियमांनी यात मुदतही आणली आहे. ज्या वाहनाची नोंदणी वैध राहिलेली नाही, किंवा जे स्वयंचलित तपासणी केंद्रात अयोग्य ठरले, किंवा जे मालकानेच टाकाऊ म्हणून जाहीर केले, ते 180 दिवसांच्या आत संकलन केंद्रात किंवा स्क्रॅपिंग केंद्रात जमा करण्याची जबाबदारी मालकावर आहे. आजींचा मुलगा फोनवर ‘पुढच्या दिवाळीत येतो तेव्हा बघू’ म्हणाला, तर त्याला ही मुदत सांगावी, आरसीची प्रत, आधार आणि अधिकारपत्र पाठवायला सांगावे, आणि स्क्रॅपिंग केंद्राची माणसे गाडी न्यायला येतील त्या दिवशी रहवासी संघातील कोणीतरी तिथे उभे राहावे. आतली कागदपत्रे, सुटे सामान आणि नंबरप्लेट यांची यादी करून, ती दोघांच्या सहीने आजींकडे ठेवावी.